बाईंना दागिना देताना

वार्षिक परीक्षेचे पेपर संपत आले, की शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या घोळक्यात एक विषय हमखास निघतो. ‘यंदा बाईंना काय द्यायचं?’ बाईंनी वर्षभर आपल्या चिरंजीवांना सांभाळलेलं असतं, त्यांच्या पाढ्यांशी आणि शेंबडाशी सारख्याच चिकाटीने झुंज दिलेली असते. तेव्हा निकालाच्या दिवशी नुसतं ‘थँक्यू’ म्हणून परतणं आपल्याला बरं वाटत नाही. मग एकेक सुचवणं सुरू होतं. साडी? रंग आवडेल का? भिंतीवरचं घड्याळ? बाईंकडे अशी सहा असतील. कपबशांचा सेट? नको गं बाई! आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘छोटासा दागिनाच देऊ या. कायमचा राहील.’

कल्पना वाईट नाही. मी दुपारच्या शाळेत तासिकांवर शिकवते आणि सकाळी दोन मुलांची आई म्हणून दुसऱ्याच शाळेच्या फाटकाशी उभी असते. म्हणजे वर्गणी काढणाऱ्या घोळक्यातही मी असते आणि शिक्षकांच्या खोलीत त्या डब्या उघडल्या जातात तिथेही असते. या दोन्ही जागांवरून जे दिसतं ते तुम्हांला सांगते. दागिना द्यायचा तर असा द्यावा, की तो घेताना कुणा आईच्या पोटाला चिमटा बसू नये आणि तो घालताना बाईंना अवघड वाटू नये. कॅरट, घडणावळ, हॉलमार्क हे सगळं त्याच्या नंतरचं. त्याचीही माहिती हवीच, ती पुढे येईल.

आधी वर्गणीचं बोलू या, कारण खरी गोम तिथेच आहे.

मी शिकवते त्या शाळेत काही वर्षांपूर्वी चौथीच्या पालकांनी बाईंना सोन्याच्या तारेत गुंफलेल्या मोत्यांच्या कुड्या द्यायचं ठरवलं. मुलं बेचाळीस, दर मुलामागे ५०० रुपये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नावांची यादी लागली आणि ज्याचे पैसे आले त्याच्या नावापुढे हिरवी खूण होऊ लागली. चार दिवसांत सगळ्या खुणा झाल्या, दोन नावं सोडून. ती दोन नावं एकाच घरातली होती. जुळी भावंडं! त्यांची आई घरोघर पोळ्या करून संसार चालवत होती. तिला द्यायचे होते १००० रुपये. गटावर रोज सकाळी ‘दोघांचे बाकी’ असा निरोप येई. कुणी तिला वाईट बोललं नाही हो, पण यादी बोलतच होती. समारंभाच्या दिवशी ती दोन्ही मुलं शाळेत आली नाहीत. ताप आल्याचं कळवलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यातला मुलगा बाईंना व्हरांड्यात भेटला आणि नऊ वर्षांच्या मुलाने जसं सांगावं तसं त्याने सगळं सांगून टाकलं. ‘आम्ही पैसे भरले नव्हते ना, म्हणून आई म्हणाली जायचं नाही.’ बाई दुपारी शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि कुड्या काढून त्यांनी पर्समध्ये ठेवल्या. आजतागायत शाळेत मी त्या त्यांच्या कानांत पाहिलेल्या नाहीत. आता यात बाईंचा काय दोष? आणि खरं तर इतर आयांच्या मनातही काही वाईट नव्हतं. पण एकवीस हजारांचा दागिना वाया गेला तो गेलाच.

पूर्वी एका शाळेत साधारण एकाच परिस्थितीतली मुलं असत. आता तसं राहिलेलं नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतही पहिल्या पायरीवरच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. एकाच बाकावर गाडीतून येणारा आणि चालत येणारा असे दोघं बसतात, आणि ते चांगलंच आहे. पण म्हणूनच दर डोई ठरावीक रक्कम हा प्रकार आपण बायकांनी बंद करायला हवा.

यावर आमच्या मुलांच्या शाळेतल्या आयांनी काढलेली युक्ती सांगते. एकीने जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि तो आठवडाभर फाटकाशी फिरवला. ज्याला जे जमेल ते पाकिटात घालून टाकावं, पन्नासच्या वर मात्र कुणी टाकायचं नाही. पाकिटावर नाव नाही. फोनवरून पैसे पाठवायचे तर फक्त एकीच्याच खात्यावर, आणि तिने ते कुणाला सांगायचे नाहीत. यादी नाही, खुणा नाहीत, आठवण करून देणं नाही. काही पाकिटं रिकामी निघाली असतील, असू देत. शुभेच्छापत्रावर सह्या मात्र वर्गातल्या एकूण एक मुलाच्या. वरची मर्यादा घालणं हे खालची मर्यादा न घालण्याइतकंच महत्त्वाचं, बरं का. नाहीतर एखाद्या डॉक्टरीणबाई दोन हजार टाकतात आणि मग दागिना कुठला घ्यायचा हेही त्याच ठरवतात.

शाळेचा नियम काय आहे तेही आधी मुख्याध्यापिकांना विचारून घ्या. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना वर्तणुकीचे नियम लागू असतात आणि त्यांत भेटवस्तू घेण्यावर बंधनं असतात. कित्येक खाजगी शाळाही भेटी घेऊ देत नाहीत. तसं असेल तर गळ घालू नका, बाईंची नोकरी आपल्या हौसेपेक्षा मोठी आहे. आणि नियम नसला तरी निकाल हातात पडायच्या आधी कसलीही भेट देऊ नये. प्रगतिपुस्तक मिळालं, पोराची पिशवी भरली, की मग द्या. आधी दिलेल्या डबीचा वास वेगळा येतो.

बाईंकडे नीट बघा

आता दागिना कुठला? पेढीत जाण्याआधी आठ दिवस बाईंकडे नीट बघा. कान टोचलेले आहेत ना? कानांत रोज काय असतं, टॉप्स की रिंगा? सोनं घालतात की चांदी? साडी नेसतात की पंजाबी ड्रेस घालतात? हातात बांगड्या असतात की नुसतं घड्याळ? एवढ्या चार गोष्टी पाहिल्या तरी निम्मं काम होतं. मुलांना विचारलंत तर आणखीच उत्तम. माझ्या मुलीला तिच्या बाईंच्या गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या कानातल्यांची यादी तोंडपाठ आहे, सातचा पाढा मात्र नाही.

काय देऊ नये हे सांगणं जास्त सोपं. अंगठी नको, मापाची पंचाईत. बांगड्यांचंही तेच. बांगडीचं माप २-४, २-६, २-८ असं सांगतात ना, त्यातला दुसरा आकडा इंचाचा सोळावा भाग असतो. म्हणजे २-४ ची बांगडी सव्वादोन इंचांची, आतल्या बाजूने मोजलेली. आता बाईंचा हात कोण मोजणार? पैंजण वर्गात वाजतात. बालवाडीच्या ताईंना लोंबते झुमके देऊ नका, कडेवर घेतलेलं पोर पहिला हात तिथेच घालतं. लांब माळ वह्या तपासताना टेबलावर घासते. हल्ली नथ द्यायची टूम निघाली आहे. दिसते सुरेख, पण नथ घालून कोण भागाकार शिकवणार? ती हळदीकुंकवाला एकदा बाहेर निघते आणि बाकी वर्षभर डबीत.

आणि एक गोष्ट जरा नाजूक आहे, पण लिहायलाच हवी. काळे मणी, जोडवी, हिरव्या बांगड्या, कुंकवाचा करंडा या वस्तू आपल्या दृष्टीने मंगल. पण बाईंच्या घरी काय आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? माझ्या एका सहकारी बाईंचे यजमान दिवाळीच्या सुटीत वारले. त्या दहा दिवसांनी कामावर रुजू झाल्या, मुलांना काही सांगितलं नाही. एप्रिलमध्ये त्यांना वर्गाकडून चांदीचा करंडा आणि हिरवा चुडा मिळाला. त्यांनी हसून घेतला, मुलांचा फोटोही काढू दिला. त्या फोटोकडे मला अजून बघवत नाही. कुणी एकट्या असतात, कुणी वेगळ्या झालेल्या असतात, कुणी ही चिन्हं मनापासूनच मानत नाहीत. तसंच बाई मुसलमान किंवा ख्रिस्ती असल्या तर गणपतीचं किंवा ओमचं पदक कशाला? फूल, पान, कोयरी, मोर, चांदणी असं काही घ्या. ते सगळ्यांचं असतं.

मला विचाराल तर सर्वांत चांगली भेट म्हणजे चांदीची साडीपिन. आमच्या आज्यांच्या जुन्या फोटोंत पोलक्याच्या खांद्यावर ब्रोच दिसतो, तोच हा. तिला माप लागत नाही, कान टोचलेले असावे लागत नाहीत, जात-धर्म-कुंकू काही आड येत नाही. साडीच्या पदराला लागते, ओढणीलाही लागते. आणि फळ्याकडे हात वर करून लिहिणाऱ्या बाईचा पदर दिवसातून दहा वेळा घसरतो हे शिकवणारीलाच माहीत! तिथे साधी सेफ्टी पिन असतेच, तिच्या जागी कोयरीची पिन आली तर रोज वापरली जाईल. घेताना मात्र पिन उलटी करून बघा. टोचणारी सुई चांदीची असेल तर ती मऊ पडते आणि वाकते, पोलादाची बरी. सुई बारीक हवी, जाड सुईने रेशमी पदराला भोक पडतं. अडकवण दोनचार वेळा उघडून-मिटून पाहा. नक्षीचे कोपरे बोटाने चाचपा, कुठे खरखर लागली तर तिथे धागा ओढला जाणार.

दुसरी पसंती कानांतल्या छोट्या टॉप्सना किंवा मोत्यांच्या कुड्यांना, अर्थात कान पाहिले असतील तर. फिरकी नीट बसते ना, दांडी जाड नाही ना, एवढं बघावं. गळ्यातलं द्यायचंच असेल तर ठुशी बरी. मागे गोंड्याची दोरी असते, त्यामुळे ती कमीजास्त करता येते. पण ती सणावाराची झाली, रोजची नव्हे. बाई निवृत्त होत असतील आणि जुने विद्यार्थीही जमणार असतील, तर मोठा दागिना जरूर घ्या, तो हिशेबच वेगळा.

(सरांसाठी? दागिन्याच्या फंदात पडू नका. चांगलं शाईचं पेन द्या.)

पेढीत गेल्यावर

चांदी का म्हणते ते सांगते. सोन्याचा भाव असा चढला आहे, की पन्नास-पन्नास रुपयांत जे येईल ते नखाएवढं येईल. आणि सोनं दिलं, की भेटीचं ओझं होतं. घेणारीच्या मनात ‘याची परतफेड कशी करू’ हा विचार सुरू होतो. तरी तुमचं सोनंच ठरलं असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एक क्रमांक लागतो. भारतीय मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरच्या सोयीत तो क्रमांक घातला, की दागिना कुणी तपासला, शुद्धता किती हे दिसतं. २२ कॅरटवर ९१६ असा आकडा असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. पण २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही. म्हणजे आपल्या ऐपतीतल्या बारीक टॉप्सवर कदाचित शिक्का नसेलच. अशा वेळी ओळखीच्या सराफाकडूनच घ्यावं आणि पावतीवर कॅरट लिहून घ्यावा.

चांदीवर ९२५ हा आकडा शोधा. शंभर टक्के चांदी दागिन्याला फार मऊ पडते, म्हणून साडेब्याण्णव टक्के चांदीत बाकीचा भाग बहुधा तांब्याचा घालतात. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही तपासणीचा क्रमांक येऊ लागला आहे. चांदीचे दागिने आपल्याकडे कुठेही मिळतात. कोल्हापूरची गुजरी आहे, मुंबईचा झवेरी बाजार आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी तर चांदीकामासाठीच ओळखलं जातं. जत्रेत नाहीतर प्रदर्शनात काळपट, नक्षीदार दागिन्यांचे ढीग असतात, ते मात्र चांदी समजून घेऊ नका. त्यात पुष्कळसं जर्मन सिल्व्हर असतं. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त, चांदी औषधालाही नाही. निकेलने कित्येकींच्या कानाच्या पाळ्या खाजतात, चिघळतात. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून मिळतात तेही तांब्या-पितळेवर सोन्याचं पाणी दिलेले. हौसेला ठीक आहेत. पुण्याच्या तुळशीबागेत मीही घेते, पण स्वतःसाठी. घामाने सहा महिन्यांत पितळ वर आलं, तर बाईंना ते घालताही येत नाही आणि टाकवतही नाही.

आता हिशेब. चांदीच्या छोट्या वस्तू पुष्कळदा नगावर विकतात, ‘ही बाराशेची, ही पंधराशेची’. तुम्ही मात्र वजन करायला सांगा. समजा, त्या दिवशी भाव ग्रॅमला २०० रुपये आहे आणि पिन ६ ग्रॅमची आहे. चांदीचे झाले १,२००. घडणावळ समजा ४०० रुपये. एकूण १,६००, त्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ४८. पिन पडली १,६४८ रुपयांना. यात तीन प्रश्न विचारायचे. सांगितलेला भाव शुद्ध चांदीचा आहे की ९२५ चा? वजनात खडे-मोती धरले आहेत की वजा केले आहेत? आणि पुढे बदलून घ्यायची झाली तर घट किती कापणार? पहिल्या दोन प्रश्नांवर दुकानदार गोंधळला, तर शेजारच्या पेढीत जावं. घडणावळीत घासाघीस चालते, भावात चालत नाही.

मोती घेतलेत तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून बघा. खऱ्याचा स्पर्श किंचित रवाळ लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. हल्ली मिळणारे खरे मोती बहुतेक शेतीतले, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले असतात. त्यात कमीपणा काही नाही. मोत्याला घाम, अत्तर आणि लिंबू-चिंच सोसत नाही. वापरून झाला, की मऊ कापडाने पुसून ठेवायचा. हे चिठ्ठीवर लिहून डबीत घातलंत तर बाईंना उपयोगी पडेल.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. डबीला किंवा पुडीला रबरबँड गुंडाळू नका, रबरातही गंधक असतं आणि त्याचा पट्टा चांदीवर उमटतो. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून ठेवावी आणि डबीत खडूचा तुकडा टाकावा, तो ओल शोषतो. साधी चांदी काळवंडलीच, तर वाडग्यात ॲल्युमिनियमची पन्नी पसरून तीवर दागिना ठेवावा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून वर कढत पाणी ओतावं. पाचदहा मिनिटांत काळेपणा उतरतो. पण मोत्यांच्या किंवा मुद्दाम काळपट केलेल्या दागिन्याला हा उपाय करायचा नाही, नाहीतर मोत्याची झळाळी आणि नक्षीतली काळी रेघ दोन्ही जातील. दंतमंजनाने घासण्याची आपल्याकडची जुनी सवयही सोडा, त्याने ओरखडे पडतात.

पावतीचं काय करावं, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. डबीत घातली तर किंमत कळते, न घालावी तर बाईंना वस्तू बदलता येत नाही. माझ्या मते पावती एकीकडे जपून ठेवावी आणि चिठ्ठीत मोकळेपणाने लिहावं, ‘आवडली नाही तर बदलून देऊ, संकोच करू नका.’ बदलली तर आपण फुगून बसायचं नाही, एवढं मात्र कबूल करून घ्या सगळ्यांकडून. देताना भाषणं नकोत, फोटोंचा धडाका नको. शेजारच्या वर्गाच्या बाईंना काहीच मिळालेलं नसतं, त्याही तिथेच उभ्या असतात. मुलांनी केलेल्या शुभेच्छापत्राबरोबर, वर्गाच्या दारात, दोन मुलांच्या हातून डबी द्यावी. शिक्षकांच्या खोलीत मी पाहिलं आहे, बाई आधी पत्र उघडतात. कुणी ‘तुमी मला रागवला नाहित’ असं लिहिलेलं असतं. डबी नंतर.

आता ते उरलेले पैसे. चाळीस घरांतून डब्यात समजा २,००० जमले आणि १,६४८ पिनेला गेले, तर हातात राहतात ३५२ रुपये. त्यांची मिठाई आणू नका. वर्गात कुणी ओकलं, कुणाची चड्डी ओली झाली, कुणाचा डबा सांडला, की धावून येतात त्या शाळेतल्या मावशी. त्यांच्यासाठी एक चांगली छत्री घ्या, आठ काड्यांची, मजबूत दांड्याची. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते तेव्हा पाऊसही येतोच, आणि फाटकाशी उभं राहून मुलांना आत घेणाऱ्या त्याच असतात.